चिपाडाची वीज, उजनीचं पाणी

१५ जून २०२३ रोजी सोलापुरात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या कोजनची, म्हणजे उसाच्या चिपाडावर वाफ आणि वीज एकत्र काढणाऱ्या सहवीज प्रकल्पाची, सुमारे नव्वद मीटर उंच चिमणी विमानांना अडथळा म्हणून पाडण्यात आली आणि काही सेकंदांत खाली बसली. त्याआधी कित्येक वर्षं मोर्चे, उपोषणं, कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या. पुढे दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं आणि मिटलेला वाद पुन्हा उकरला गेला. एक बाजू म्हणते, ‘बघा, चिमणी पडली म्हणून विमान आलं.’ दुसरी म्हणते, ‘एका विमानासाठी अडतीस मेगावॉटचा प्रकल्प मारला.’ लग्नाच्या मांडवात, कट्ट्यावर, सलूनमध्ये ही दोन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की बोलणारा कुठल्या गटाचा हे तो तोंड उघडायच्या आधीच कळतं. अलीकडे तिसरी बाजूही आली आहे, शहरातल्या शिकल्यासवरल्या मंडळींची: ऊस पाणी पितो, तेव्हा कोजन हेही पापच. त्यावर कारखान्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे कोजन ही हरित ऊर्जा, पृथ्वी तापायची थांबवणारी.

चिमणी बेकायदा होती की नाही, विमान हवं की नको, हे प्रश्न कोर्टाने आणि महापालिकेने त्यांच्या परीने निकालात काढले. माझी तक्रार वेगळी आहे. चिमणीवर एवढं रण माजलं, पण तिच्या खाली जे चालतं त्याला सरकारने पैसे कशासाठी द्यावेत, हा प्रश्न कुणी धड विचारलाच नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. कोजनला सरकारी मदत मिळायला हवी, पुढेही मिळायला हवी. पण ती चिपाडासाठी मिळावी, उसासाठी नव्हे. शेतात आज जो ऊस उभा आहे त्याच्या चिपाडातून शक्य तेवढी वीज काढायला मदत करा. नवा ऊस आणि नवी गाळप क्षमता यांना त्यातला छदामही जाता कामा नये. युनिटमागे सरसकट पैसे देणाऱ्या धोरणाला हा फरक दिसत नाही, आणि सोलापूरसारख्या जिल्ह्यात सगळं काही या फरकावरच अवलंबून आहे.

आधी कोजनची बाजू नीट मांडू, कारण तिचे समर्थकही ती नीट मांडत नाहीत. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो चिपाड उरतं. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. ते निम्मं ओलंच असतं, तरी जळतं. साखर कारखान्याला वीज लागते तशी वाफही लागते, किंबहुना वाफच जास्त लागते, कारण रस आटवायचा असतो. पूर्वी कमी दाबाच्या बॉयलरवर बगॅस कसाबसा जाळून टाकत, कारण उरलेल्या ढिगाचं करायचं काय हाच प्रश्न असे. बॉयलर जितका अकार्यक्षम तितका बरा, असा तो उलटा जमाना होता. कोजनने हे बदललं. चौरस सेंटिमीटरला ८७ किंवा ११० किलो दाबाच्या बॉयलरमध्ये तयार झालेली वाफ आधी टर्बाइन फिरवते, आणि दाब उतरलेली तीच वाफ पुढे रस उकळायला जाते. एकाच आगीवर दोन कामं. चुलीवर भाकरी झाली की वैलावर आमटी उकळत ठेवायची, हे आपल्या आज्यांना माहीत असलेलंच शास्त्र आहे. कोळशाच्या औष्णिक केंद्रात इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश वीज होते आणि बाकीची शीतकरण मनोऱ्यातून नि धुराड्यातून हवेत जाते. कोजनमध्ये त्या ‘बाकी’चाच उपयोग होतो. ही युक्ती काही आपली नाही. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये पहिलं वीजकेंद्र उभारलं, तेव्हा तिथली वाफही आसपासच्या इमारतींना विकली जात होती. डेन्मार्कने १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७९ मध्ये कायदा करून शहरंच्या शहरं वीजकेंद्रांच्या उरलेल्या उष्णतेवर गरम करायला घेतली. पुढे जगाने मोठमोठी केंद्रं गावापासून दूर बांधली आणि उष्णता फेकून देणं हीच रीत होऊन बसली.

पाटीवर एक हिशेब मांडून पाहू. अडतीस मेगावॉटचा संच दीडशे दिवस पूर्ण क्षमतेने चालला तर साडेतेरा कोटींच्या वर युनिट होतात. कारखान्याला स्वतःला लागणारा तिसरा हिस्सा वजा केला की ग्रिडला नऊ कोटी. एवढी वीज कोळशावर करायची तर साठ हजार टनांच्या आसपास कोळसा जाळावा लागेल. हे थोडं नाही. पण याच दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसी या सरकारी कंपनीचं १३२० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र उभं आहे, आणि ते पूर्ण भाराने चाललं तर नऊ कोटी युनिट तीन दिवसांत काढतं. म्हणजे ‘चिमणी पाडून सोलापूर अंधारात लोटलं’ हे जितकं खोटं, तितकंच ‘त्या चिमणीने असा काय उजेड पाडला होता’ हेही खोटं. राज्यात अडीच हजार मेगावॉटच्या आसपास सहवीज आहे. एकट्याने ती काही निभावत नाही, पण तिला वगळून पुढे जाणंही शहाणपणाचं नाही.

कोजनच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा न्यायाचा आहे, आणि तो मला मनापासून मान्य आहे. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेत त्याच्या सातपट. दीडशे वर्षं कोळसा जाळून ज्यांनी घरं गरम केली, त्यांनी आता सोलापूरच्या शेतकऱ्याला ‘तुझ्या धुराचा हिशेब दे’ म्हणावं, हे ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन असा भेद केला होता. भाताच्या खाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या दुसऱ्या मोटारीचा धूर एका तागडीत घालू नका, असं त्यांचं सांगणं. ते तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे. विकसनशील देशाने हवामानासाठी काही करायचं तर ते असं हवं की ज्यातून गावात पैसा येईल, रोजगार टिकेल आणि आयात केलेल्या इंधनाची गरज पडणार नाही. या तिन्ही कसोट्यांवर कोजन उतरतं. सौर पट्ट्यांचे बरेच भाग बाहेरून येतात, बगॅस इथलाच आहे. आणि ऊस वाढताना जेवढा कार्बन हवेतून घेतो, त्याहून जास्त तो जळताना परत देत नाही, हेही खरं.

पण जगण्याचं आणि चैनीचं हा गज एकदा हातात घेतला की तो फक्त अमेरिकेला लावून चालेल का? तोच गज देशाच्या आत, एकाच नदीच्या काठावर लावला तर?

सोलापूरकराला ‘मायनस’ हा शब्द शाळेतल्या गणितातून कळत नाही, उजनीतून कळतो. धरणात ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात. उपयुक्त साठा संपला की वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे वीस’, ‘उणे चाळीस’ असे मथळे सुरू होतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तो आकडा उणे साठाच्या घरात गेला होता. नळाला काही दिवसांआड पाणी येणारं हे शहर त्याच धरणावर जगतं. एनटीपीसीचं केंद्र त्याच धरणावर चालतं. आणि ज्या उसाच्या चिपाडावर कोजन चालतं, त्यातला बराचसा ऊसही त्याच धरणावर, त्याच्या कालव्यांवर आणि भीमेच्या काठच्या मोटारींवर वाढतो. वर्षाला पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. उसाला पाटपाण्यावर दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. बाकीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मी तो करून पाहिला. हेक्टरी पंचाऐंशी टन उत्पादन आणि दोन हजार मिलिमीटर पाणी धरलं, तर टनभर उसामागे दोन लाख लिटरच्या वर पाणी जातं. टनामागे ग्रिडला ऐंशी युनिट मिळाले, तर सगळं पाणी विजेच्या नावावर मांडल्यास युनिटला अडीच हजार लिटरच्या वर. कोळशाच्या केंद्राला युनिटमागे तीन-साडेतीन लिटर लागतं. आता कारखान्याचे लोक उसळून उठतील, आणि त्यांचं उसळणं रास्त आहे: ऊस काही विजेसाठी लावत नाहीत, साखरेसाठी लावतात, चिपाड तर फुकटच मिळतं. मान्य. म्हणून पैशाच्या प्रमाणात वाटणी करू. ऐंशी युनिटचे पाच रुपयांनी चारशे रुपये. त्याच टनातून निघालेल्या साखरेचे चार हजारांच्या आसपास. म्हणजे विजेकडे दहावा हिस्सा. पाण्याचाही दहावाच हिस्सा तिच्यावर टाकला, तरी युनिटला अडीचशे लिटरच्या वर होतात. कोळशाच्या सत्तरपटीहून जास्त!

हा आकडा मी कोजनला हाणून पाडायला आणलेला नाही. तो दुधारी आहे. जो ऊस साखरेसाठी लावलेलाच आहे, त्याचं पाणी खर्च झालेलं आहे. त्याच्या चिपाडाची वीज काढली काय, न काढली काय, थेंबाचाही फरक पडत नाही. त्या विजेचं जादा पाणी शून्य. पण विजेच्या पैशामुळे ऊस एका एकराने जरी वाढला, तरी त्या एकराच्या विजेचं पाणी शून्य राहत नाही, सगळाच्या सगळा बोजा तिच्यावर येतो. एकाच मीटरमधून, एकाच तारेतून, एकाच दराने या दोन विजा जातात. एक पृथ्वीवर उपकार करणारी, दुसरी उजनी उपसणारी. महावितरणच्या बिलात दोघींचं नाव एकच.

आणि उसाची भूक कोजनमुळे वाढत नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्याने गेल्या वीस वर्षांतल्या विस्तारीकरणाच्या पाट्या मोजाव्यात. उच्च दाबाचा बॉयलर आणि टर्बाइन यांचा खर्च रोज अडीच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला पेलत नाही. मग गाळप पाच हजार टनांवर न्यायचं, मग साडेसात, मग दहा. २००८ च्या धोरणात राज्याने बगॅसवर एक हजार मेगावॉटचं लक्ष्य ठेवलं, २०१५ च्या धोरणाने तोच पाढा पुढे चालवला, २०२० च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात आणखी १३५० मेगावॉट. लक्ष्यं सगळी मेगावॉटची. मेगावॉट हे यंत्राचं माप आहे. यंत्राला खायला किती ऊस आहे, तो कुठल्या पाण्यावर येणार, याचं माप त्यात नाही. परिणाम डोळ्यांसमोर आहे. क्षमता फुगली आणि हंगाम आटला. एके काळी कोजागिरीनंतर पेटलेला बॉयलर पाडव्यापर्यंत, कधी त्याहीपुढे चालायचा. २०२४-२५ मध्ये अनेक कारखान्यांचा हंगाम शंभर दिवसांच्या आत आटोपला. कर्ज दीडशे-एकशेऐंशी दिवसांच्या हिशेबाने काढलेलं, गाळप नव्वद दिवसांचं. मग उसाची पळवापळवी, ऊसतोड टोळ्यांची पळवापळवी, शेजारच्या जिल्ह्यातून वाहतूक, आणि गावोगाव फिरणारे कारखान्याच्या शेतकी खात्याचे लोक: ‘दादा, यंदा दोन एकर वाढवा, बेणं आम्ही देतो.’ इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६५ मध्ये लिहून ठेवलं होतं की इंजिनं काटकसरी झाल्याने कोळसा वाचत नाही, उलट जास्त जळतो. त्याला माळशिरस-माढ्याकडचे उसाचे ट्रॅक्टर दाखवायला हवे होते.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. भीमेचं पाणी विजेसाठी वापरण्याचा प्रकार नवा नाही. १९१५ साली खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं, नंतर भिवपुरी, भिरा. इंद्रायणी आणि मुळेच्या उगमाकडचं, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलं पाणी घाटाखाली कोकणात सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली गेली. १९२१ मध्ये सेनापती बापट मुळशीला सत्याग्रहाला बसले तो याच साखळीतल्या धरणाविरुद्ध. पूर्वेला वाहायचं ते पाणी अजूनही पश्चिमेला वळतं, आणि ‘टाटांचं पाणी भीमेत सोडा’ ही सोलापूरची जुनी मागणी दर दुष्काळात नव्याने निघते. रास्त मागणी आहे. पण ज्या तोंडाने आपण म्हणतो की मुंबईच्या विजेसाठी आमचं पाणी का, त्याच तोंडाने पाण्याची वीज करून विकणारं आपलंच धोरण ‘हरित’ कसं म्हणायचं? टाटांनी निदान पाणी थेट टर्बाइनवर तरी सोडलं.

आता शेतकऱ्याचा मुद्दा. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यापुढे शहरातला पाणीवादी बहुधा गप्प होतो, आणि व्हायलाच हवा. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर आहे, २०२५-२६ साठी टनाला ३५५० रुपये. दुसऱ्या कुठल्या पिकाला असा कायद्याने बांधलेला गिऱ्हाईक आहे? कांदा विकून हातात दोन रुपयांचा चेक पडलेला शेतकरी याच सोलापूरच्या बाजारात सगळ्या देशाने पाहिला. मंगळवेढा ज्वारीचं कोठार, मालदांडी मोहोळची, कडक भाकरी आमची, कौतुक सगळं खरं. पण ज्वारी पिकवून मुलीचं इंजिनिअरिंग होत नाही. गारपिटीत द्राक्षबाग झोपते, ऊस लोळला तरी गाळपाला जातो. म्हणून ‘ऊस सोडा’ हा उपदेश एसी केबिनमधून करणाऱ्याला मीही चहा विचारणार नाही.

पण या मुद्द्याने सिद्ध काय होतं? शेतकऱ्याला खात्रीचा पैसा हवा, एवढंच. तो उसातूनच, पाटपाण्याच्याच उसातून मिळावा, हे सिद्ध होत नाही. पाणी जपून वापरणं शेतकऱ्याला जमत नाही असंही कुणी म्हणू नये. सांगोल्याच्या माळावर डाळिंबाला थेंब थेंब मोजून पाणी देणारे याच जिल्ह्यातले आहेत. देशाचं डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात उगाच आलेलं नाही. बारमाही पिकाला कालव्याचं पाणी हवं तर ठिबक किंवा तुषार लावा, ही तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. उसाला ठिबक सक्तीचा निर्णय २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला. त्याआधी १९८७ मध्ये राज्याने आठमाही सिंचनाचं, म्हणजे वर्षभराऐवजी आठ महिनेच कालव्याचं पाणी द्यायचं, धोरण स्वीकारलं होतं. १९९९ च्या सिंचनविषयक चितळे आयोगाने पाण्याच्या तुटीच्या खोऱ्यांत उसावर मर्यादा घालायला सांगितलं. आपल्याकडे शहाणपणाची टंचाई कधीच नव्हती, ते कपाटात ठेवायला जागा मात्र भरपूर आहे.

त्यातही सर्वांत जुनं शहाणपण इथल्याच शेजारचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते. नीरा कालव्यावर ऊस वाढत चालला, पाणी पुरेना, जमिनी चिबडायला लागल्या. त्यांनी ब्लॉक पद्धत आणली: कालव्याखालच्या जमिनीचे ठराविक तुकडे पाडायचे, त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस, बाकीत कमी पाण्याची पिकं, आणि पाण्याची हमी दीर्घ मुदतीची. बागायतदारांनी आधी विरोध केला, पुढे हमी दिसल्यावर स्वीकारली. यात उसाला बंदी कुठे आहे? उसाला जागा दिली आणि हद्द आखली, एवढंच. माळशिरसकडे त्याच नीरेचा उजवा कालवा पुढे आला, त्या पाण्यावर माळीनगर-श्रीपूरची साखर सुरू झाली. जिल्ह्यातल्या साखरेचा जन्म कालव्यावर झाला. हद्द आखायची कल्पना मात्र त्या कालव्यातून वाहून आली नाही.

वीजदराच्या वादातही असाच घोळ आहे. सौर वीज तीन रुपयांच्या आसपास मिळत असताना कोजनला पाच-सहा रुपये का द्यायचे, असं अर्थखात्याकडे झुकलेले लोक विचारतात. प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्यात दुपारी बारा आणि रात्री आठ एकच आहेत असं गृहीत धरलंय. सूर्य मावळल्यावर सौर युनिटची किंमत काय? दिवे, टीव्ही आणि चपात्या एकाच वेळी पेटतात तेव्हा ग्रिडला हवी असते ती हुकमी वीज. बगॅस ही साठवता येणारी उन्हाची गंजीच आहे. ताडपत्री टाकून ठेवा, हवी तेव्हा पेटवा. म्हणजे कोजनची खरी किंमत तिच्या वेळेत आहे, आणि तिथेच आपण तिला काही देत नाही. २०२४ मध्ये सरकारने सहवीजेला एका वर्षासाठी युनिटमागे दीड रुपया अनुदान जाहीर केलं. भर दुपारी तीनच्या युनिटलाही दीड रुपया, रात्री नऊच्या युनिटलाही दीड रुपया! कारखान्यांची ओढाताण खरी होती, करारांचे दर उतरले होते, मदत करण्यात गैर काही नव्हतं. पण तोच पैसा संध्याकाळच्या चार तासांवर ओतला असता, तर कारखाने बगॅस राखून ठेवायला शिकले असते.

दुसरी खोट नियमातच आहे. एखादा प्रकल्प ‘कोजन’ ठरायचा तर वीज आणि उपयोगात आलेल्या उष्णतेचा निम्मा भाग मिळून इंधनाच्या ऊर्जेच्या ४५ टक्क्यांवर गेले पाहिजेत, अशी कसोटी आहे. चांगली कसोटी आहे. पण ती हंगामापुरती. हंगाम संपला की रस नाही, म्हणजे वाफेला काम नाही. मग तोच संच साध्या औष्णिक केंद्रासारखा चालतो आणि उष्णता हवेत सोडतो. तेव्हा त्याला ‘सह’वीज कुठल्या अर्थाने म्हणायचं? मॉरिशसमध्ये हेच झालं. १९९१ मध्ये तिथे बगॅसपासून विजेचा मोठा कार्यक्रम आखला गेला, जगभर वाखाणला गेला, आणि हंगामाबाहेर ते संच आयात कोळशावर चालू लागले. तरी त्यांच्याकडून घेण्यासारखं एक आहे: बगॅसचा मोबदला ऊस देणाऱ्या शेतकऱ्याला स्वतंत्रपणे देण्याची व्यवस्था त्यांनी केली. आपल्याकडे साखर उद्योगावरच्या रंगराजन समितीने २०१२ मध्ये उपपदार्थांसह उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाला द्यावा असं सुचवलं, राज्याने कायदाही केला, पण तो हिशेब सभासदाला उलगडून सांगणारा कारखाना दाखवा म्हटलं तर शोधावा लागेल. हवामानबदलावरच्या क्योटो कराराच्या काळात आपल्या कारखान्यांनी बगॅसच्या विजेवर कार्बन क्रेडिट, म्हणजे टाळलेल्या उत्सर्जनाची प्रमाणपत्रंही विकली. २०१२ नंतर त्यांचे भाव कोसळले. त्या सगळ्या जाडजूड प्रकल्प-अहवालांत कार्बनचा टनाटनाचा हिशेब होता. पाण्याचा नव्हता, कारण तो मागणारं कुणी युरोपात बसलेलं नव्हतं. पाण्याचा हिशेब मागायचा तर आपणच मागायला हवा.

मग मागायचं काय? अनुदान द्या, पण ते टनामागे वाफ किती वाचवली यावर द्या. जुने कारखाने उसाच्या वजनाच्या निम्मी वाफ घेतात, चांगले चाळीस टक्क्यांच्या आत येतात. ती वाचलेली वाफ म्हणजे ऊस न वाढवता मिळालेली वीज. उसातच सत्तर टक्के पाणी असतं, म्हणजे टनामागे सातशे लिटर पाणी कारखान्यात गाडीतून येतं. तेच फिरवून वापरणाऱ्या कारखान्याला नदीतून उपसा जवळजवळ लागू नये. तसं करील त्याला दर वाढवून द्या. शेतात पेटवलं जाणारं पाचट गोळा करून बॉयलरला आणील त्यालाही द्या. आणि कार्यक्षेत्रातला ठिबकखालचा ऊस किती, यावर वीजखरेदीचा करार बांधा. ठिबकचा टक्का चढेल तसा दर चढेल. चेअरमनला शेतकऱ्याच्या बांधावर ठिबक घेऊन जायला लावणारा कायदा गेली वीस वर्षं कुणाला जमला नाही, वीजबिलाला कदाचित जमेल. तुटीच्या खोऱ्यात नव्या गाळप क्षमतेवर उभ्या राहिलेल्या कोजनला मात्र अनुदान नाही. यावर ‘मग बाहेरचे जिल्हे पुढे जातील’ अशी ओरड होईल. जाऊ देत. जिथे पाऊस पडतो तिथे ऊस जावा, यात सोलापूरचं काय जातं?

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून इथे तळं खोदलं, असं आपण दर गड्ड्याच्या यात्रेत अभिमानाने सांगतो. पाणी अडवणाऱ्याला आपण ग्रामदैवत मानलं. पाणी मोजणाऱ्याला मात्र सभेत बोलू देत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. वडिलांच्या नावचा एक शेअर वारसाने माझ्याकडे आला आहे, त्यामुळे दरवर्षी एका कारखान्याचा वार्षिक अहवाल घरी येतो. गाळप, उतारा, मळी, स्पिरिट, निर्यात केलेले युनिट, सगळ्यांचे रकाने. मागे एकदा सर्वसाधारण सभेत उठून विचारलं की कार्यक्षेत्रातल्या उसाला पाणी किती लागलं, ठिबकखाली किती, हे या तक्त्यात का नाही. व्यासपीठावरून उत्तर आलं की तो विषय पाटबंधारे खात्याचा आहे. मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ आलं, आणि माईक पुढे सरकला. प्रश्न मंजूर झाला की उत्तर, ते कळलं नाही.

यंदाचा अहवाल गेल्या आठवड्यात आला. युनिटचा आलेख हिरव्या रंगात छापलाय, कोपऱ्यात पृथ्वीचं चित्र आहे. नियमाप्रमाणे सभेच्या आठ दिवस आधी मी प्रश्न लेखी दिला, दोन ओळींचा: पाण्याचा रकाना पुढच्या वर्षीपासून घालणार का, नसल्यास कारण काय. पोच घेतली आहे. विषयपत्रिकेत तो कुठे दिसला नाही. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशी एक ओळ आहे, तिची वाट बघतोय.